उकिरड्यातला केंद्रबिंदू

दमयंतीबाईंना दोन गोष्टींची पहिल्यापासून किळस. एक, थुंकी लावून पाटी पुसणारी पोरं. आणि दुसरी, उत्तर आधी ठरवून मग त्याला गणित चिकटवणारी माणसं. पोरं तरी पुढं सुधारायची, खिशात रुमाल ठेवायला लागायची. ही दुसरी माणसं मात्र वयाबरोबर निगरगट्टच होत जातात, असा बाईंचा अनुभव. उस्मानपुऱ्यातल्या शाळेत गणित शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली. पोरं त्यांना टरकून असत. आणि एवढं सगळं झाल्यावर म्हातारपणी पोटच्या पोरानंच असलं गणित पुढ्यात आणून ठेवावं, म्हणजे नशीबच म्हणायचं.

गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली. पाऊस लागोपाठ दगा देत आलेला. औरंगाबाद शहराला मात्र त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, ते चहूअंगांनी फुगतच चाललं होतं. बीड बायपास ओलांडून पार निंबखेड्याच्या शिवारात प्लॉट पडले. जिथं बाजरी व्हायची तिथं रो-हाऊसं उभी राहिली. मंगलधाम सोसायटी त्यातलीच. आतल्या गल्ल्यांना गोदावरी, पूर्णा, शिवना अशी नद्यांची नावं, आणि नळाला थेंब नाही. टँकर आला की भांडणं, नाही आला की शिव्या.

या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे बाईंचा मुलगा हिमांशू. वाळूजच्या एका कंपनीत इंजिनियर. नवरा गेला, शाळाही सुटली, तेव्हा बाई उस्मानपुऱ्याचं भाड्याचं घर सोडून लेका-सुनेकडं राहायला आल्या. हिमांशूच्या घराला पाण्याची ददात नव्हती. घरामागं त्याचा स्वतःचा बोअर होता आणि तो भर उन्हाळ्यातसुद्धा कधी आटायचा नाही. त्याच पाण्यावर फाटकाजवळचं लॉन हिरवं राहायचं आणि गोदावरी गल्लीतल्या गाड्या धुतल्या जायच्या. सोसायटीच्या फाटकाशी टाइल्स लावलेलं छोटंसं मारुतीचं देऊळ होतं. ही सगळी त्याची कृपा, असं हिमांशू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि बाईंनाही ते पटलं होतं.

रस्त्यापलीकडं निंबखेडा. जुनं, धुळीनं माखलेलं गाव. गावाला पाणी एकाच ठिकाणी, पायऱ्या उतरून जायच्या जुन्या दगडी विहिरीत. तिला बारव म्हणत. बारव तळाला गेली होती. बायका खाली बसून वाटीवाटीनं पाणी खरवडायच्या आणि हंडा भरायच्या. त्यातली साळूबाई म्हणून एक म्हातारी रोज सकाळी बाईंच्या मागच्या दारी यायची. बाई तिला बोअरचे दोन हंडे भरून द्यायच्या. साळूबाई तोंडभर आशीर्वाद द्यायची, तुमच्या लेकाला औक्ष मिळो म्हणायची. बाई "असू दे, असू दे" म्हणत आत वळायच्या, पण मनातून सुखावायच्या. शेजारणी टँकरच्या पाण्याला कुलूप घालत होत्या, आणि आपण मात्र देतोय. या दोन हंड्यांचं त्यांना फार कौतुक होतं. खोटं कशाला बोला?

त्या वैशाखात सोसायटीनं क्लबहाऊसमागं मोठा बोअर घ्यायचं ठरवलं. गाव खवळलं. गावाचा म्होरक्या रामकिसन, माजी सरपंच, चार माणसं घेऊन फाटकात येऊन बसला. त्याचं म्हणणं एकच. बारवेभोवती तीन राखणदार आहेत, आज्या-पणज्यांनी बसवलेले, शेंदूर लावलेले तीन दगड. एक वडाखाली, एक मसणवाटेला, आणि तिसरा तो तुमच्या फाटकातला. तुम्ही त्याला मारुती म्हणता, आम्ही राखणदार म्हणतो, नावात काय भांडायचं? पण तिघांच्या घेऱ्याच्या आत कुणी विहीर खणायची नाही, बोअर मारायचा नाही, हे ठरलेलं आहे. निजामाच्या वेळेपासूनचं आहे. घेऱ्याच्या बाहेर मात्र कुणी काय वाट्टेल ते करो.

प्रकरण तहसीलला गेलं. नायब तहसीलदार एका सकाळी जीपमधून आले, चहा प्यायले, आणि दोन्ही बाजूंकडून कबूल करून घेतलं की घेऱ्याच्या बाहेर असेल तर बोअर होईल, आत असेल तर नाही. आता घेरा म्हणजे नेमका कुठून कुठं, हे कोण सांगणार? साहेब म्हणाले, घेरा म्हणजे वर्तुळ, आणि तीन दगड आहेतच, तेव्हा गणित करणारं कुणीतरी पाहा. हिमांशूनं लगेच आईचं नाव पुढं केलं. आणि रामकिसननंही मान डोलावली. त्याची नात संस्कृती बाईंच्याच हाताखाली शिकली होती. तो म्हणाला, बाईनं कधी पोरीला अर्धा मार्क फुकट दिला नाही, बाई म्हणतील ते आम्हाला मान्य.

बाईंना आनंद झाला, नाही म्हणू नये. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडं गणित घेऊन आलं होतं.

हिमांशूनं ओळखीच्या सर्व्हेअरकडून मोजणी करून घेतली आणि एक आकृती आणून दिली. मारुतीचं देऊळ हा आरंभबिंदू, शून्य-शून्य. पूर्वेकडं एक्स, उत्तरेकडं वाय, आणि पन्नास फुटांचा एक घटक. वडाखालचा दगड बारा, उणे चार. मसणवाटेचा दगड बारा, बारा. बस्स. एवढेच तीन ठिपके. बाकी कागद कोरा.

तीन बिंदू एका रेषेत नसले की त्यांच्यातून एक आणि एकच वर्तुळ जातं. दुसरं जायची सोय नाही. बाईंना गणितात हेच आवडायचं, इथं कुणाची वशिलेबाजी चालत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि बसल्या. एक्सचा वर्ग, वायचा वर्ग, त्यांच्यापुढं एक्सचा एक अज्ञात गुणक, वायचा एक, आणि एक सुटी संख्या. मारुती शून्य-शून्यावर असल्यानं सुटी संख्या पहिल्या फटक्यात शून्य झाली. उरले दोन दगड आणि दोन समीकरणं. एकातून दुसरं वजा केलं. भाजी निवडून होईपर्यंत उत्तर निघालं: एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग वजा सोळा एक्स वजा आठ वाय बरोबर शून्य. केंद्रबिंदू आठ, चार. क्लबहाऊसमागची जागा देवळाच्या पश्चिमेला, म्हणजे वर्तुळाच्या स्पष्ट बाहेर.

हिमांशूनं उत्तराचा कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि आईच्या पाया पडला. इतका वाकून तो दहावीच्या निकालालासुद्धा पडला नव्हता. मग मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळा. खाली लगेच हात जोडलेल्यांची आणि पेढ्यांची चित्रं पडायला लागली.

पण बाईंना एक जुनी खोड होती. गणित सुटलं तरी ताळा केल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. पोरांनाही त्या तेच सांगायच्या, उत्तराला जाऊन भेटून या. इथं तर उत्तराला खरोखरच जाऊन भेटता येणार होतं. बारवेभोवतीचा घेरा आहे, तेव्हा केंद्रबिंदूवर बारवच असणार. ती तिथं पाहायची आणि परत यायचं, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आकृती आणि सर्व्हेअरची घरी राहिलेली लांब फीत घेऊन, डोक्यावर पदर ओढून निघाल्या. सर्व्हेअरनं ओळीनं ठोकलेल्या खुंट्या अजून जागेवर होत्या. त्यांच्या अंदाजानं चालत गेल्या, आणि आठ-चारच्या ठिकाणी पोचल्या.

तिथं उकिरडा होता.

गावाचा जुना शेणाचा उकिरडा, पण आता त्यात शेण थोडं आणि मंगलधाम जास्त. काळ्या पिशव्या फुटलेल्या. लहान मुलांचे वापरलेले नॅपी, कुजकी कोथिंबीर, कोंबडीची पिसं, देवळातल्या महाप्रसादाचे खरकटे द्रोण. एक कुत्रं पिशवी ओढत होतं आणि तिच्यातून काहीतरी पिवळं, बुळबुळीत सांडत होतं. वास असा की बाईंनी पदर नाकाला लावला तरी तो घशात उतरला. पिशव्यांवर उस्मानपुऱ्यातल्या त्या मिठाईवाल्याचं नाव होतं, ज्याच्याकडून हिमांशू दर रविवारी खव्याची जिलेबी आणायचा. सोसायटीचा कचरा बायपासला नेऊन टाकतात असं त्यांना सांगितलेलं होतं. त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला वर्गणीही जायची.

बारव तिथं नव्हतीच. ती थोडी अलीकडं, मारुतीच्या बाजूला, कडुनिंबाखाली दिसत होती.

बाईंना आधी वाटलं, आपलंच चुकलं. वय झालं, कुठंतरी चिन्ह बदललं असेल. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी सगळं पुन्हा मनात करून पाहिलं. एक चूक सापडेना. मग त्या तरातरा बारवेकडं गेल्या. साळूबाई पायऱ्यांवर बसून वाटीनं पाणी गाळत होती. बाईंनी तिला वर बोलावलं आणि फितीचं टोक तिच्या हातात दिलं, म्हणाल्या, एवढं विहिरीच्या काठाशी धरा.

म्हातारीला काही कळलं नाही, पण तिनं टोक दगडावर घट्ट दाबून धरलं. फीत पुरेना तिथं खुंटी ठोकून पुन्हा सुरुवात, असं करत बाईंनी भर उन्हात तिन्ही राखणदार गाठले. वडाखालचा पाचशे फूट. मसणवाटेचा पाचशे फूट, अगदी काटेकोर. आणि मारुती तीनशे साठ.

मग कळायचं काय राहिलं? जुन्या माणसांनी बारव मध्ये धरून दोरी फिरवली होती, पाचशे फुटांची. दोन राखणदार अजून त्या दोरीवर उभे होते. तिसरा दोरी सोडून आत सरकलेला होता. दगड काही आपण होऊन सरकत नाहीत. शाळेत अशी पोरं असायची, फळ्यावरचा आकडा चुकीचा उतरवून घेणारी, आणि पुढं सगळं गणित मोत्यासारख्या अक्षरात बरोबर सोडवणारी. बाई त्यांना रीतीचे मार्क द्यायच्या. आता त्यांनी स्वतः तेच केलं होतं, फक्त आकडा चुकून उतरवलेला नव्हता.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, पुन्हा धुतले, तरी उकिरड्याचा वास जाईना. सून मृण्मयी ओट्याशी पोळ्या लाटत होती. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं की हा मारुती पहिल्यापासून फाटकातच होता का गं? मृण्मयी भोळी. तिनं लाटता लाटताच सांगून टाकलं. छे हो आई, तो आपल्या पार्किंगच्या कोपऱ्यात होता, उघड्यावर. बोअरची गाडी मागं जायला त्याची अडचण होत होती. मग ह्यांनीच पुढाकार घेऊन फाटकाशी देऊळ बांधलं आणि वाजतगाजत त्याला तिकडं नेला. गावातले लोकही आले होते, रामकिसनभाऊंनीच नारळ फोडला. त्याच आठवड्यात आपला बोअर झाला बघा, आणि पहिल्याच फटक्यात पाणी लागलं.

बाईंनी देवळापासून मागच्या बोअरपर्यंत पावलं मोजली. मग त्यांनी कागद घेतला आणि दुसरं वर्तुळ मांडलं. बारव मध्ये, सहा-चारवर. त्रिज्या दहा. ते मांडायला फारसा वेळ लागला नाही. क्लबहाऊसमागची जागा आत आली. आणि घरामागचा आपला बोअरही आत आला, चांगला नव्वद फूट आत.

त्यांना शिसारी आली ती आधी त्या पाण्याची. सकाळी आंघोळ केलेलं, कुकरला लावलेलं, देवाला घातलेलं पाणी. बारव खरवडली जात होती आणि तिच्याच पोटाखालून नळी घालून हे घर ओढत होतं, वर्षानुवर्षं. आणि त्यातलेच दोन हंडे बाई साळूबाईला दान म्हणून देत होत्या. वर तिचे आशीर्वाद घेत होत्या, त्याच लेकासाठी. अंगावर पाल पडावी तसं त्यांना झालं. ती झटकून टाकायला कुठं जायचं?

हिमांशू कंपनीतून आला तेव्हा त्या पुढच्या खोलीत बसूनच होत्या. दोन्ही कागद त्यांनी त्याच्यापुढं ठेवले आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगा घाबरेल, निदान ओशाळेल, अशी त्यांची समजूत. तो बूट काढता काढता हसला. त्याला ठाऊकच होतं. सर्व्हेअरला बारव दाखवू नको असं त्यानंच सांगितलं होतं, कारण "विनाकारण कन्फ्यूजन झालं असतं." त्यानं आईला शांतपणे समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात. गावकऱ्यांचं म्हणणं काय, राखणदार जिथं तिथं हद्द. मग राखणदार आता फाटकात आहे. नारळ त्यांनी फोडला, जेवण ते जेवले, आता त्यांना कोण विचारतंय?

"आई, आपण देव हलवला," तो म्हणाला. "हद्द कुठं हलवली?"

हे वाक्य त्यानं आज नाही बनवलेलं, बाईंच्या ध्यानात आलं. हे गुळगुळीत झालेलं होतं, खूप दिवस जवळ बाळगलेलं. आपण याला पाढे शिकवले, पडताळा शिकवला, आणि हा हे शिकला.

त्यानं पुढं विचारलं, तुझं गणित चुकलंय का? नाही ना? मग उद्या मीटिंगमध्ये साहेब विचारतील, गणित बरोबर आहे का, तेवढ्याचं उत्तर दे. खोटं एक अक्षर बोलू नकोस, मी तुला खोटं बोलायला सांगणारही नाही. आणि त्या गावाची एवढी कीव येत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेव.

"साळूबाईला तू रोज दोन हंडे देतेसच की," तो म्हणाला. "फिटलं."

आजवर पोराच्या कुठल्या वागण्याची त्यांना अशी घाण वाटली नव्हती. त्या उठून न्हाणीघरात गेल्या आणि भडाभडा ओकल्या. मग सवयीनं नळाखाली ओंजळ धरली, चूळ भरायला. पाणी आलं, गार, भरपूर. त्यांनी ओंजळ उपडी केली आणि तशाच आंबट तोंडानं बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंग भरली ती मारुतीच्या देवळापुढंच. सोसायटीनं मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. गावकरी खाली सतरंजीवर. साहेबांना कचोरी, ढोकळा, आणि सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचं अख्खं खोकं फोडलेलं. सोसायटीतले लोक बाटली उघडायचे, दोन घोट घ्यायचे आणि अर्धी भरलेली खुर्चीखाली ठेवायचे. सतरंजीवरच्या बायका त्या बाटल्यांकडं बघत होत्या. साळूबाई पुढंच बसली होती, रामकिसनच्या बाजूला. बाईंना पाहून तिनं ओळखीचं हसू केलं.

हिमांशूनं प्रस्तावना केली. आईचं गणित मोठ्या कागदावर काढून आणलं होतं, रंगीत पेनानं. वर्तुळ, तीन दगड, आणि बाहेर लाल फुली, बोअरची. साहेबांनी ढोकळा संपवून बोटं पुसली आणि विचारलं की मॅडम, हे गणित तुमचं? बरोबर आहे?

"गणित बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. हिमांशूनं आभाराच्या पहिल्या वाक्याला तोंडही उघडलं. सतरंजीवर रामकिसननं मान खाली घातली, कारण तो शब्दाला जागणारा माणूस होता आणि बाई म्हणतील ते मान्य असं त्यानं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. एवढ्यावर बाई खाली बसल्या असत्या तर खोटं एक अक्षरही त्यांच्या तोंडून गेलेलं नसतं. सगळं कसं स्वच्छ झालं असतं. त्या स्वच्छतेचाच त्यांना किळसवाणा वास आला.

त्या बसल्या नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या, वर्ग गप्प होईपर्यंत राहायच्या तशा. मग त्या बोलल्या. गणित बरोबर आहे, पण बिंदू खोटा आहे. या वर्तुळाचा केंद्रबिंदू उकिरड्यात पडतो, ज्याला पटत नसेल त्यानं नाक दाबून पाहून यावं. राखणदार बारवेपासून सारखे पाचशे फुटांवर होते. तिसरा माझ्या मुलाच्या पार्किंगमध्ये होता, त्याला त्यानं उचलून इथं आणला. देवभक्तीनं नाही, बोअरची गाडी आत जावी म्हणून. आता हा नवा बोअर तर आत येतोच, आमच्या घरामागचा जुना बोअरही आत आहे. तोही बंद करा, आणि आधी तोच करा.

मग खुर्च्यांवरून एकदम गलका उठला. म्हातारीला चळ लागलाय, असं एकजण म्हणाला, बऱ्यापैकी मोठ्यानं. मृण्मयीनं तोंडाला पदर लावला. हिमांशू आईकडं असा बघत होता, जणू ही बाई कोण आहे, इथं कशी आली. साहेबांनी फीत मागवली. बारवेपासून मोजा, ते म्हणाले, आणि आकडा निघाला तर जुना बोअरही सील करावा लागेल, मग तो कुणाचाही असो. कचोरीची बशी त्यांनी बाजूला सारली होती.

रामकिसन उठून उभा राहिला होता. देव हलवला तवा नारळ म्याच फोडला व्हता, तो म्हणाला, जेवलो बी व्हतो, तवा खापर एकट्या पोरावर नका फोडू. बाईंना त्याच्याकडंही बघवेना. गोड जेवणाला भुललेलं गाव, दोन हंड्यांना भुललेल्या त्या स्वतः, सगळे एकाच पंगतीचे. पण ते नंतर. आधी एक राहिलं होतं, आणि ते सगळ्यांपुढंच बोलायला हवं होतं, नाहीतर उद्या सकाळी मागच्या दाराशी ते बोलायची हिंमत झाली नसती.

त्या सतरंजीच्या कडेशी आल्या आणि साळूबाईपुढं खाली बसल्या. गुडघे वाजले.

"साळूबाई, मी तुम्हाला रोज दोन हंडे देत होते ना," त्या म्हणाल्या, "ते माझे नव्हते. तुमच्या बारवेचे होते. तुमचंच पाणी तुम्हाला देत होते."

साळूबाईनं ते ऐकून घेतलं. तिनं मांडवाकडं पाहिलं, खुर्च्यांखालच्या अर्ध्या बाटल्यांकडं, गोदावरी गल्लीतल्या धुतलेल्या गाड्यांकडं, फाटकापासून आत गेलेल्या हिरव्या लॉनकडं. रागावली नाही. आशीर्वादही दिला नाही. हिशोबातलं काहीतरी खरंच कळलं नाही अशा चेहऱ्यानं तिनं विचारलं,

"दोन हंडे मला दिले. मंग बाकीचं कुठं गेलं, बाई?"